ॲज-बिल्ट ड्रॉइंग जागेशी जुळत नाही: चूक कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी तुमच्या फायलीत दिसली तरी पुढचं सगळं वाचा.

ॲज-बिल्टचा (काम प्रत्यक्षात जसं बांधलं तसं दाखवणाऱ्या ड्रॉइंगचा) संच सल्लागाराकडून चौथ्यांदा परत आलाय आणि दर वेळी शेरे वेगळे आहेत. संचातल्या सगळ्या शीटवर एकच तारीख आहे. ॲज-बिल्ट आणि जीएफसी (सल्लागाराने बांधकामासाठी दिलेलं ड्रॉइंग) एकावर एक ठेवले तर केसाचाही फरक दिसत नाही. (हे लक्षण सगळ्यात वाईट. काहीच न बदलता उभी राहिलेली इमारत मी अजून पाहिलेली नाही.) स्प्रिंकलरच्या शीटवर रिव्हिजन पाच आहे आणि सोबतच्या हायड्रॉलिक कॅल्क्युलेशनवर (पाण्याच्या दाबाच्या गणितावर) रिव्हिजन दोन. रेलिंगचं डिझाइन मागितलं की व्हेंडरचा रंगीत कॅटलॉग पुढे येतो. हे डिझाइन नेमकं कुणाचं, असं विचारलं की सल्लागार ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार सबठेकेदाराकडे, आणि सबठेकेदार सल्लागाराच्याच शिक्क्याकडे. शेवटी फायनल बिल अडकतं, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) अडकतं, आणि मग माझ्यासारख्याला फोन येतो.

मी ठेकेदाराच्या बाजूने ड्रॉइंग आणि हँडओव्हरची कागदपत्रं सांभाळतो. हा बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता फाइल उघडायच्या आधीच अंदाज येतो. सगळे जण ड्राफ्ट्समनला धारेवर धरतात, पण एकट्या त्याची चूक क्वचितच निघते. चूक बहुतेक वेळा अशा भागात सापडते ज्याचं डिझाइन करारानेच ठेकेदाराच्या गळ्यात घातलेलं असतं.

याला डेलिगेटेड डिझाइन म्हणतात. मुख्य सल्लागार म्हणतो, मला अमुक इतका भार पेलणारं, तमुक वाऱ्याला टिकणारं हवं. कसं करायचं ते ठेकेदाराने आपल्या इंजिनिअरकडून काढून, सही करून आणावं. स्प्रिंकलर, काचेचा दर्शनी भाग, पोस्ट-टेन्शन स्लॅब (आतल्या पोलादी तारा ताणून बनवलेला), प्रीकास्ट, स्टीलचे जोड, रेलिंग, लोखंडी जिने हे भाग बहुधा असेच येतात. इथे डिझाइन करणारा एक, तपासणारा दुसरा, बसवणारा तिसरा आणि ॲज-बिल्ट काढणारा चौथा. साइटवर एक पाइप सरकला तर ती बातमी चौघांपर्यंत पोचायला हवी. बहुतेक वेळा ती बसवणाऱ्याच्या पुढे जात नाही.

आता तपासण्या. पहिल्या दोन-तीन टेबलावर बसून होतात, पैसे लागत नाहीत. त्या टाळून थेट टेप घेऊन साइटवर पळू नका.

१. टायटल ब्लॉक वाचा

अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक ॲज-बिल्ट शीट कोणत्या ड्रॉइंगवरून काढली ते शोधा. सोपवलेल्या भागाचं ॲज-बिल्ट शेवटच्या मंजूर शॉप ड्रॉइंगवरून (बनवणाऱ्याने किंवा बसवणाऱ्याने काढलेल्या तपशीलवार ड्रॉइंगवरून) निघायला हवं. पण घाईत काय होतं, तर ड्राफ्ट्समनच्या फोल्डरमध्ये सल्लागाराचं जीएफसी हाताशी असतं, तो त्यावरच ‘ॲज-बिल्ट’ असा शिक्का टाकून मोकळा होतो. मुख्य सल्लागाराच्या जीएफसीवर स्प्रिंकलरच्या रेषा नुसत्या दिशा दाखवण्यापुरत्या असतात. पाइपचा व्यास, हँगर, लेव्हल, सगळं व्हेंडरच्या शॉप ड्रॉइंगवर. पाया चुकीचा असेल तर पुढे कितीही दुरुस्त करा, संच परत येतच राहणार.

निम्म्या फायली इथेच सुटतात. मी अतिशयोक्ती करत नाहीये.

२. सोपवलेलं काय काय होतं, याची यादी करा

कराराची कागदं उघडा आणि जिथे जिथे डिझाइन ठेकेदाराने करायचं असं लिहिलंय ती प्रत्येक ओळ टिपा. ही वाक्यं ड्रॉइंगच्या यादीत नसतात. ती जनरल नोट्समध्ये बारा नंबरच्या ओळीत असतात, स्पेसिफिकेशनच्या पोटात असतात, कधी तर एखाद्या डिटेलच्या कोपऱ्यात बाणाच्या टोकाला. जिन्याच्या रेलिंगचं डिझाइन आपल्याकडे होतं हे हँडओव्हरच्या आठवड्यात कळलेले प्रोजेक्ट मॅनेजर मी पाहिलेत.

यादीत प्रत्येक भागासमोर पाच रकाने ठेवा: निकष कुणी दिले, डिझाइन कुणी केलं, सही कुणाची, तपासलं कुणी, साइटवरचे बदल कुणी टिपले. रिकामा रकाना दिसला की बिघाड सापडला असं समजा. माझ्या अनुभवात पाचवा रकाना बहुतेक रिकामाच असतो.

करार नेमकं काय म्हणतो ते इथेच पाहून घ्या. फिडिकच्या (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) १९९९च्या लाल पुस्तकात, म्हणजे नमुना करारात, कलम ४.१ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बांधल्यात: कामाचा जो भाग ठेकेदाराने डिझाइन करायचा, तो ठरलेल्या हेतूला उपयोगी पडेल याची जबाबदारी ठेकेदाराची, आणि त्या भागाचे ॲज-बिल्ट दस्तऐवज आणि देखभालीच्या पुस्तिका दिल्याशिवाय तो भाग ताब्यात घेण्यासाठी पूर्ण झाला असं धरलं जाणार नाही. ‘ड्रॉइंग काय, नंतर देऊ’ म्हणणाऱ्याला हे कलम मी छापून देतो. तुमचा करार वेगळा असेल तर त्यातलं कलम शोधा, कारण जबाबदारीची रेघ प्रत्येक करार थोडी वेगळीकडे ओढतो.

३. निकष कुणी दिले होते?

सोपवलेलं डिझाइन म्हणजे कोरा कागद देऊन ‘कर काहीतरी’ म्हणणं नसतं. रेलिंगवर आडवा भार किती, काचेवर वाऱ्याचा दाब किती, वाकणं किती चालेल, आगीत किती मिनिटं टिकायला हवं, हे देणाऱ्याने द्यायचं असतं. अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेच्या ए२०१ या सर्वसाधारण अटींत (२०१७ची आवृत्ती, कलम ३.१२.१०) हे स्वच्छ लिहिलंय: कामगिरीचे आणि डिझाइनचे सगळे निकष मालक आणि वास्तुविशारदाने द्यायचे, आणि ते पुरेसे व अचूक आहेत असं धरून चालायचा हक्क ठेकेदाराला आहे.

पण निकष दिलेच नसतील तर? तर आरएफआय (माहिती मागणारं लेखी पत्र) पाठवून मागायचे. तसं न करता व्हेंडरचा इंजिनिअर मागच्या कामातला आकडा उचलतो, कॅल्क्युलेशनच्या दुसऱ्या पानावर ‘गृहीत’ असं लिहितो आणि पुढे जातो. ते पान कुणी वाचत नाही. वाद झाला की सगळे तेच पान वाचतात. म्हणून कॅल्क्युलेशनमधला ‘गृहीत’ शब्द शोधा आणि त्यातला प्रत्येक आकडा कुणाच्या लेखी उत्तरातून आला ते पाहा. लेखी उत्तर नसेल तर आजच मागा. उशीर झाला असला तरी मागा.

४. शिक्का नीट वाचा

सल्लागाराने शॉप ड्रॉइंग मंजूर केलं म्हणजे डिझाइनची जबाबदारी त्याच्याकडे गेली, हा साइटवरचा सगळ्यात लाडका गैरसमज. त्याची तपासणी मर्यादित असते: दिलेल्या निकषांशी आणि मूळ संकल्पनेशी हे जुळतं का, एवढंच. शॉप ड्रॉइंगमध्ये तुम्ही करारापासून फारकत घेतली असेल आणि ती वेगळी लिहून कळवली नसेल, तर शिक्का तुम्हाला वाचवत नाही. बदलाभोवती नुसता क्लाउड (ढगासारखी रेघ) काढला म्हणजे कळवलं असं होत नाही. ट्रान्समिटलमध्ये (ड्रॉइंगसोबतच्या पाठवणीच्या पत्रात) एक वाक्य हवं, की अमुक ठिकाणी आम्ही वेगळं केलंय आणि कारण हे.

शिक्क्याचा प्रकारही बघा. ‘शेऱ्यांसह मंजूर’ असेल तर ते शेरे पुढच्या रिव्हिजनमध्ये आले का? काम चालू ठेवायला परवानगी मिळाली की शेरे विसरले जातात, आणि ॲज-बिल्टमध्ये शेऱ्याआधीचं ड्रॉइंग शिरतं.

५. कॅल्क्युलेशन आणि बांधलेलं काम एकाच रिव्हिजनचं आहे का?

इथे थांबून वेळ द्या. ड्रॉइंग बदलणं सोपं असतं, त्यामागचं गणित कुणी परत करत नाही.

स्प्रिंकलरचं घ्या. ५० मिमीची लाइन बीमला आडवी आली. फिटरने चार एल्बो टाकून ती बीमखालून वळवली. दिसायला किरकोळ. पण हायड्रॉलिक गणितात ५० मिमीचा एक साधा एल्बो सुमारे दीड मीटर सरळ पाइपाइतका दाब खातो. चार एल्बो म्हणजे सहा मीटर पाइप वाढला. लाइनच्या टोकाच्या स्प्रिंकलरला मिळणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरतं, आणि डिझाइन मुळातच काठावर असेल तर तिथला दाब किमान मर्यादेखाली जाऊ शकतो. अशी तीन-चार वळणं एकाच शाखेवर झाली तर ॲज-बिल्टवर ती दाखवून भागत नाही, गणित नव्याने करावं लागतं. आणि ते ज्याने सही केली त्यानेच करायचं.

जोडाच्या बदलाचं सगळ्यात भयंकर उदाहरण बांधकामातल्या बऱ्याच जणांनी ऐकलंय, पण ड्रॉइंगच्या दृष्टीने ते परत बघण्यासारखं आहे. १७ जुलै १९८१ रोजी कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात अधांतरी टांगलेले दोन पादमार्ग कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत छतापासून एकच सलग सळई खाली येणार होती आणि वरचा-खालचा दोन्ही पूल तिलाच लटकणार होते. बनवायला सोपं पडावं म्हणून एका सळईच्या दोन केल्या गेल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. सळईवरचा भार होता तितकाच राहिला, पण वरच्या पुलाच्या बीमखालच्या नटावर आता दोन्ही पुलांचं वजन आलं, म्हणजे दुप्पट. मूळ जोडही नियमाला पुरा पडणारा नव्हताच. स्ट्रक्चरल इंजिनिअरला वाटलं जोडाचं डिझाइन फॅब्रिकेटर करेल, फॅब्रिकेटरला वाटलं ते झालेलंच आहे, आणि शॉप ड्रॉइंगवर शिक्का बसला. दोघांपैकी कुणीही त्या जोडाचं गणित केलं नव्हतं.

म्हणून स्टीलच्या जोडांच्या बाबतीत मी एकच प्रश्न विचारतो: या जोडाच्या गणिताचं पान दाखवा. जोडाचं ड्रॉइंग नको, गणिताचं पान.

६. साइटवरचे लाल शेरे शोधा

ए२०१ मध्ये ठेकेदाराने साइटवर ड्रॉइंगची एक प्रत ठेवून त्यावर होणारे बदल त्या त्या वेळी मांडत जावेत असं आहे. व्यवहारात ही प्रत एक तर नसते, नाहीतर इतकी स्वच्छ असते की कुणी हात लावला नाही हे कळतं. तर मग बदल कुठे नोंदले गेले असतील?

सगळ्यात खरी जागा म्हणजे बिलांची मोजमापं. पैशासाठी माणूस नीट मोजतो. सबठेकेदाराच्या मोजमाप पत्रकात एखाद्या मजल्यावर ड्रॉइंगपेक्षा पाइप चार मीटर जास्त आणि एल्बो सहा जास्त दिसले, तर तिथे नक्की काहीतरी वळलंय. मी ॲज-बिल्ट तपासताना मोजमापाचं पत्रक शेजारी उघडं ठेवतो. त्यानंतर स्लॅब भरण्याआधीच्या चेकलिस्ट आणि पोअर कार्ड, मग फोनमधले फोटो. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी काढलेले फोटो सोन्यासारखे. त्यात स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी ठेवलेली भोकं), कंड्युट (वायरच्या नळ्या), टेंडन (पोस्ट-टेन्शनच्या ताणायच्या तारा) सगळं दिसतं. फक्त फोटोत ग्रिड (ड्रॉइंगवरच्या कॉलमच्या क्रमांकित रेषा) ओळखू येईल असं काहीतरी हवं.

आणि फोरमनला विचारा. एका कामावर तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ड्रॉइंगप्रमाणे ग्रिड पाचजवळ आयसोलेशन व्हॉल्व्ह होता. शिडीवर चढून टाइल उचलली, टॉर्च मारला: डक्ट, केबल ट्रे, धूळ. व्हॉल्व्ह नाही. शेजारच्या दोन टाइल उचलल्या, तिथेही नाही. सहजच टॉर्च कॉलमवर गेला तर सीलिंगच्या वर, कुणालाही दिसणार नाही अशा जागी मार्करने बाण काढलेला, आणि खाली लिहिलेलं, ‘व्हॉल्व्ह ९०० डावीकडे, डक्टच्या मागे’. प्लंबरने आपल्या परीने ॲज-बिल्ट केलं होतं, फक्त ते कॉलमवर राहिलं होतं. तो माणूस तोवर दुसऱ्या साइटवर गेला होता. फोन केला तेव्हा अशा अकरा जागा त्याने तोंडपाठ सांगितल्या.

७. जागेवर पडताळणी

आता टेप आणि लेझर. सगळं मोजायला जाऊ नका. चुकलं तर नुकसान होईल अशा जागा निवडा: बंद करायचे व्हॉल्व्ह, जमिनीखालच्या लाइनचे वळण आणि जोड, स्लीव्ह, एक्स्पान्शन जॉइंट, दर्शनी भागाचे ब्रॅकेट, फायर डॅम्पर. प्रत्येक मजल्यावरच्या आठ-दहा पुरेत. माप कॉलमच्या कडेपासून किंवा ग्रिडपासून घ्या, पार्टिशनपासून नाही, कारण पार्टिशन उद्या हलतं. जमिनीखालच्या लाइनची खोलीही लिहा. ती न लिहिलेली ॲज-बिल्ट पुढच्या खोदकामात निम्मीच कामाची.

दहापैकी एखादी जागा थोडी चुकली तर दुरुस्त करा. तीन-चार चुकल्या तर नमुना तपासणी थांबवा आणि त्या मजल्याचा पूर्ण सर्व्हे करा. इथे कंजूषपणा केला की पाचव्यांदा संच परत येतो.

जे झाकलं गेलंय आणि ज्याचा फोटोही नाही, त्याची रेघ कल्पनेने काढू नका. तुटक रेघ काढा आणि शेजारी ‘जागेवर पडताळलेले नाही’ असं लिहा. सल्लागार कुरकुर करेल, करू दे. जाड सलग रेघ बघून उद्या कुणीतरी तिथेच ड्रिल लावेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल आणि टेंडनचं ॲज-बिल्ट नसेल किंवा त्यावर विश्वास नसेल, तर खात्री करायला म्हणून भोक पाडू नका. १२.७ मिमीच्या एका स्ट्रँडमध्ये (पिळलेल्या तारेत) जॅकिंगच्या, म्हणजे ती ताणण्याच्या, वेळी सुमारे १४ ते १५ टन ओढ असते. कोअर कटिंगवाला ‘बघू, लागलं तर थांबू’ म्हणाला तर त्याला घरी पाठवा. लागलं हे कळेपर्यंत ते तुटलेलं असतं. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडारने स्कॅन करणारी एजन्सी बोलवा, तिने स्लॅबवर खुणा केल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, त्याची लेखी परवानगी आल्यावरच मशीन लावा.

बांधलेला जोड, अँकर, ब्रॅकेट किंवा आधार सही झालेल्या डिझाइनपेक्षा वेगळा निघाला तर ॲज-बिल्ट दुरुस्त करून प्रकरण मिटवू नका. आधी मूळ डिझायनरकडे न्या. तो उरला नसेल, व्हेंडरची कंपनी बंद पडली असेल, तर परवाना असलेला दुसरा इंजिनिअर नेमून त्याच्याकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. त्याला जुन्या कागदावर सही मागू नका. न पाहिलेल्या कामावर तो सही करणार नाही, आणि करत असेल तर तो इंजिनिअर तुम्हाला नकोच.

आगीशी संबंधित व्यवस्थेत पाइपचा मार्ग, पंप किंवा वापराचा प्रकार बदलला असेल तर हायड्रॉलिक डिझायनर लागणारच. टेबलावर बसून तो आकडा काढायचा मोह मलाही झालाय. काढू नका.

मागची तारीख टाकून कॅल्क्युलेशन किंवा ट्रान्समिटल बनवायला कुणी सांगितलं, साहेबांनी सांगितलं तरी, तिथे साफ नाही म्हणा. हरवलेला कागद आजच्या तारखेने, ‘नव्याने तयार केले’ असं लिहून देता येतं. आणि समोरच्याने जबाबदारी नाकारणारं पत्र पाठवलं, पैसे कापायची भाषा सुरू झाली, की उत्तर आपण लिहायचं नाही. करार वाचता येणाऱ्या वकिलाकडे जा, आणि जाताना दुसऱ्या तपासणीतली ती पाच रकान्यांची यादी, रिकाम्या रकान्यांसकट, घेऊन जा. माझ्या ओळखीचे वकील सगळ्यात आधी तीच मागतात.